येसू गुरवीण आणि फोडलेला खडक

फार वर्षांपूर्वी, कोळसरे गावाला अजून वेसही नव्हती तेव्हा, देवळाच्या पूजेला भिवाजी गुरव होता. त्याला आभाळाचं वेड. देवळामागच्या खडकावर त्याने काठी रोवली होती. रोज दुपारी तो सावलीचं टोक दाखवी आणि त्याची बायको येसू तिथे छिन्नीने खूण कोरी. ग्रहणांच्याही खुणा कोरलेल्या. अशी वीस वर्षं गेली. गाव दोघांना हसायचं.

एका अवसेला सूर्यग्रहण होतं. पंचांग बघणाऱ्या जोशीबुवांनी आधीच सांगितलं, ते सकाळी आहे. भिवाजी म्हणाला, "नाही, ऐन दुपारी." गावच्या देशमुखाने त्याला चावडीवरून हाकललं. मग सकाळपासून सारं गाव उपाशीपोटी नदीत काकडत उभं, आणि वर सूर्य लख्ख! दुपारी मात्र भिवाजीने सांगितलेल्या घटकेलाच अंधारून आलं.

अशा वेळी माणसाने हात जोडावेत. देशमुख उलट म्हणाला, "यानेच ग्रहण अडवून धरलं!" त्याच्या माणसांनी भिवाजीला गुरासारखं बडवलं, घण घालून खडक फोडला. आणि गाव बघत राहिलं. आपलेच पूर्वज ते, झाकायचं कशाला?

"नोंद गेली, येसू," भिवाजी म्हणाला.

"जाते कुठे? माझ्या हातांनी कोरलीय. सगळी पाठ आहे."

त्या माराने पंधराव्या दिवशी तो गेला. त्या दुपारी गावात कुणाचीच सावली पडली नाही, असं म्हणतात.

काही वर्षांनी पुन्हा ग्रहण आलं. देशमुखाची सून पोटुशी, घरात धास्ती. जोशीबुवांवर आता त्याचाही भरवसा उरला नव्हता. तो अनवाणीच येसूच्या दारात आला.

"गुरवीणबाई, वेळ सांगा."

"खडक फोडलात ना? त्या तुकड्यांना विचारा!"

त्याला उन्हात तसंच उभं ठेवून ती थेट त्याच्या घरी गेली आणि तिने सुनेचा हात धरला. "तुझ्यावर माझा राग नाही, पोरी. ग्रहण म्हणजे सावली. सावली कुणाला खात नाही." तिला देवळात नेऊन हळदीच्या पाण्यात सूर्य दाखवला. येसू आकडे म्हणत गेली तसा सूर्य कोरीकोरीने झाकला गेला, आणि तिने "आता" म्हटल्यावरच सुटला, असं म्हणतात. सून सुखरूप बाळंत झाली.

कोळसऱ्यात आजही ग्रहणात पोटुशीला कोंडत नाहीत. गुरवांची थोरली बाई वेळ सांगते, सारं गाव देवळात बसतं. देशमुखांचा कर्ता पुरुष तेवढा अनवाणी उभा असतो. ग्रहण सुटेपर्यंत त्याला कुणी "बस" म्हणत नाही.