येसूच्या कंठातील संकट

श्री अलखगिरी महाराज त्या वर्षी चैत्रात कातळगावी मुक्कामास होते. गाव डोंगराच्या कुशीत, आणि महाराजांचे आसन गावाबाहेर भैरोबाच्या देवळापुढील जांभळीखाली. मागेल त्याला लगेच अंगारा द्यावा, ही महाराजांची रीत नव्हती. आलेल्या माणसाकडे ते आधी बराच वेळ नुसते पाहत राहत. काही जण कंटाळून उठून जात. जे बसून राहत, त्यांचे कल्याण होई.

गावाच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी सड्यावर, गवळी धनगरांची वस्ती होती. तेथील ठकूबाई नावाची विधवा म्हशी राखून, तूप विकून पोट भरी. खाली उतरताना महाराजांपुढे दुधाचा तांब्या ठेवावा, नमस्कार करावा आणि न बोलता निघून जावे, एवढीच तिची भक्ती. तिला एकच मुलगी, येसू, सात-आठ वर्षांची. आवाज असा खणखणीत, की सड्यावरून तिने हाळी दिली तर दरीतल्या म्हशी माना वर करीत. भैरोबाच्या पालखीपुढे ती गाऊ लागली, की बायका हातातले काम टाकून ऐकायला येत.

तो आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग चिरका, आणि पुढे तोंडातून नुसती हवा येऊ लागली. खोकला आला की थुंकीत रक्त दिसे. ठकूबाईने मध चाटवला, वेखंड उगाळून दिले, भगताकडून दोरा बांधून घेतला. काही उपयोग झाला नाही.

गावचे हैबतराव देशमुख देवळाचे मानकरी होते. गवळ्याच्या पोरीने पालखीपुढे गावे, हे त्यांना कधीच रुचले नव्हते. ठकूबाई देवापुढे रडत असताना ते चारचौघांत म्हणाले, "देवापुढं तोंड वर करून गात होती. देवानं कंठ काढून घेतला. आता रडून काय होणार?" आणि त्यांनी भगताला सांगितले, "उद्या संध्याकाळी पोरीच्या गळ्यावर तापल्या लोखंडाचा डाग दे. बाधा असेल तर निघून जाईल."

लेकीला उचलून ठकूबाई तडक जांभळीखाली आली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. "म्हाराज, माझ्या लेकराला डागणार हायती वो."

महाराजांनी येसूला जवळ बसवले. तिला मोठा श्वास घ्यायला लावला, ओठ मिटून हुंकार द्यायला सांगितला, आपला कान तिच्या गळ्याला लावून तो ऐकला. मग त्यांनी तिला विचारले, "बाळ, घशात काही हलल्यासारखं वाटतं का गं?"

येसूचे डोळे विस्फारले. तिने जोरजोरात मान हलवली. इतक्या जणांनी तिच्यावर उपाय केले होते, पण तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

"म्हशींमागं असताना पाणी कुठं पितेस?"

येसू पालथी झाली, दोन्ही हात जमिनीला टेकून तिने तोंड मातीपर्यंत नेले. सड्यावरच्या डबक्याला तोंड लावून ती गुरासारखी पाणी पीत असे.

महाराज म्हणाले, "माय, ही बाधा नाही आणि देवाचा कोपही नाही. हिच्या गळ्यात कोणीतरी बिऱ्हाड केलंय. उद्या सकाळपासून हिला पाण्याचा थेंब देऊ नकोस. दूध नाही, ताक नाही. उन्हं कलली की इथं घेऊन ये. ती मागेल, रडेल. जमेल तुला?"

"तुमी सांगताय म्हंजे जमवायलाच हवं," ठकूबाई म्हणाली.

दुसरा दिवस चैत्राच्या उन्हात तापला. येसूचे ओठ सुकले. आवाज नाही, म्हणून तिचे रडणेही ऐकू येईना. ती मडक्याकडे बोट दाखवी आणि आईच्या तोंडाकडे पाही. ठकूबाईने शेवटी मडके पालथे घातले. त्या दिवशी तिने स्वतःही पाणी घेतले नाही.

उन्हे कलल्यावर ती लेकीला कडेवर घेऊन खाली आली. बातमी आधीच पसरली होती. जांभळीखाली सारा गाव जमला होता. देशमुखही भगताला घेऊन आले होते आणि भगताच्या शेगडीत लोखंड लाल होत होते.

मलूल झालेल्या येसूला पाहून देशमुख गरजले, "ही आई आहे की वैरीण? आणि महाराज, तुम्ही पोर तहानेनं मारून साधुपण मिरवणार?" त्यांनी तांब्या भरून येसूच्या ओठांपाशी नेला. पोर झेपावली.

ठकूबाईने देशमुखांच्या हातावर फटका मारला. तांब्या दगडांवर आपटत लांब गेला. गवळ्याच्या विधवेने देशमुखांवर हात टाकला होता.

महाराजांनी शांतपणे आपल्या कमंडलूतले गार पाणी परातीत ओतले. येसूचे तोंड त्यांनी पाण्यावर धरले. "आ कर बाळ. पिऊ नकोस. नुसतं तोंड उघडं ठेव."

थोडा वेळ काहीच झाले नाही. देशमुख हसले. आणि येसूच्या जिभेमागून काहीतरी काळे, ओले, बोटाएवढे वळवळत पुढे आले. पाण्याचा गारवा लागताच ते लांब झाले. जळू होती ती. डबक्याच्या पाण्यातून आत गेलेली, रक्त पिऊन टरारलेली आणि दिवसभर पाणी न लाभल्याने पाण्याच्या ओढीने बाहेर निघालेली.

पुढच्या बायका किंचाळून मागे सरल्या. एका म्हाताऱ्याला भोवळ आली. भगताच्या हातातला चिमटा गळून पडला.

पण जळू अर्धी बाहेर आली आणि तिथेच थांबली. मागचे टोक तिने आत घट्ट रोवले होते. येसूचा श्वास अडला. तिचा चेहरा निळा पडू लागला, हात लुळे पडले. ठकूबाई फक्त महाराजांकडे पाहत राहिली.

महाराजांनी एक हात मुलीच्या गळ्यावर ठेवला आणि दुसरा आपल्या. ते हलकेच म्हणाले, "लेकराला सोड. रक्तच हवं ना तुला? माझं घे."

त्याच क्षणी जळू सुटून परातीत पडली. येसूने छाती भरून श्वास घेतला, खोकली, आणि भरड्या, फाटक्या पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आये, पानी."

ठकूबाई तिला पाणी पाजत असता लोकांची नजर महाराजांकडे गेली. महाराजांच्या ओठांतून रक्ताची धार हनुवटीवर उतरत होती. येसूच्या तोंडात मात्र रक्ताचा टिपूसही नव्हता.

महाराजांनी उपरण्याने तोंड पुसले. काही सांगण्यासाठी ओठ हलवले, तर नुसती हवा आली. तेव्हा त्यांनी येसूच्या ओठांवर बोट ठेवून कंठाला विश्रांती देण्याची खूण केली, झोळीतले ज्येष्ठमध तिच्या आईच्या हाती दिले आणि आपल्या अंगावरच्या छाटीचा तुकडा फाडून पाणी गाळून कसे प्यावे ते करून दाखवले.

हैबतराव शेगडीतल्या लाल लोखंडाकडे पाहत होते. महाराज नसते तर ते लोखंड याच वेळी त्या पोरीच्या गळ्यावर टेकले असते. पागोटे काढून ते महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, मी देवाचं नाव घेऊन लेकराला जाळायला निघालो होतो. मला क्षमा करा."

महाराजांनी त्यांना उठवले, खांद्याला धरून वळवले आणि ठकूबाईकडे बोट केले.

हैबतराव क्षणभर थबकले. मग सगळ्या गावादेखत पुढे झाले आणि त्यांनी ठकूबाईच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. ती घाबरून मागे सरली. "धनी, असं नका करू," म्हणत तिने लेकीला उराशी धरले. देशमुखांचे डोके मात्र बराच वेळ मातीवरून उठले नाही.

श्रोतेहो, कातळगावच्या त्या मुक्कामात महाराजांचा आवाज पुन्हा कोणी ऐकला नाही. असे लेकरांचे दुःख आपल्या कंठात घेणाऱ्या सद्गुरूंना आपले सर्वांचे दंडवत असो.