सातव्या नावाची आच

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या तिवरेबंदरात बर्फाचा कारखानाही नव्हता आणि धक्काही, तेव्हाची ही नागूबाय कोळीण. तिच्यासारखे बांगडे कोणी भाजलेच नाहीत, असं म्हणतात. मला विचाराल तर त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, आणि ती कशी, तेही सांगते.

कोळसे पेटले की बाकीच्या बायका लगेच जाळी ठेवत आणि वरून करपलेला, आतून कच्चा मासा वाढत. नागूबायला घाई नसे. निखाऱ्यांवर राखेची साय धरेपर्यंत ती थांबे. मग जाळीवर तळहात धरून नवऱ्याच्या होडीवरच्या माणसांची नावं घेई. गोमा, हसू, चांग्या, जोमा, धर्म्या, पोशा. मध्येच हात पोळला, तर थोडे निखारे बाजूला सारी. सगळी नावं घेऊन होईपर्यंत हात टिकला, की आच बेताची झाली असं समजून बांगडे ठेवी.

पण होडीवर माणसं होती सात. सातवा तिचा नवरा, हिराजी. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? ती सहावर थांबे, सातव्या नावाइतकी आच उतरायच्या आधीच बांगडे ठेवी, म्हणून ती जरा तेजच राही आणि शेपट्या रोज करपत.

हिराजी हसून म्हणे, "माजा नाव घे, मंग शेपटी नाय करपायची."

ती लाजून त्याला निखाऱ्यांना वारा घालायचा विंझणा फेकून मारी.

एकदा वादळात होडी फुटली. सहा जण पोहत किनाऱ्याला लागले, हिराजी आला नाही. वारा पडला, पण धुकं असं दाटलं की शोधायला कोणाला जाता येईना. नागूबायच्या मनाने एकच घेतलं. ज्यांची नावं मी रोज घेतली ते आले, आणि ज्याचं घेतलं नाही तोच राहिला.

तिने वाळूत कोळसे पेटवले, वर हात धरला आणि साऱ्या गावादेखत म्हणाली, "हिराजी." सासूने तोंडाला पदर लावला. ही थांबली नाही. दर हाकेला निखारे लाल होत, नवा कोळसा न घालता तीन दिवस ते विझले नाहीत आणि तिचा हातही पोळला नाही, असं म्हणतात. चौथ्या सकाळी त्या लाल उजेडाच्या रोखाने, फळीला धरून हिराजी आला.

"इतकी वर्सा लागली गो तुला," एवढंच म्हणाला.

आजही आपल्याकडे मासे भाजताना बायका जाळीवर हात धरून ती सहा नावं घेतात आणि सातवं आपल्या नवऱ्याचं, मोठ्याने. ज्यांचा माणूस समुद्रातून परतलाच नाही, त्याही घेतात. त्यांचं ते सातवं नाव घेणं सावकाश होतं, आणि ते पुरं होईपर्यंत कोणी जाळीवर मासा ठेवत नाही.