साठ पाहुण्यांचे दीडशे शत्रू

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. इतकं लहान, की राजवाड्यात राजा शिंकला तर वेशीवर ऐकू जाई. तिथल्या प्रधानाला आपल्या झटपट हिशेबाचा भारी अभिमान. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. ते बरोबर आहे का, हे पाहायला मात्र तो थांबत नसे.

एकदा शेजारच्या राज्यातून निरोप आला. तिथला राजपुत्र राजकन्येला पाहायला येणार होता, बरोबर सगळी मिळून साठ माणसं. राजवाड्यात साठ पानांचा स्वयंपाक सुरू झाला.

ठरल्या दिवशी डोंगरावरच्या पहारेकऱ्याने बाणाला बांधून चिठ्ठी सोडली. ताडपत्राचा तुकडा एवढासा, म्हणून त्याने मोजकंच लिहिलं होतं : "येताहेत. १० + ५ × १०."

प्रधान डावीकडून उजवीकडे वाचत सुटला. "दहा आणि पाच पंधरा. पंधरा दाहे दीडशे." त्याचा चेहरा उतरला. "महाराज, यायचे होते साठ. हे दीडशे आहेत. म्हणजे पाहुणे नव्हेत, सैन्य आहे."

राजाकडे शिपाई चाळीस, त्यातले सहा सर्दीने झोपलेले. "मग डोंगरात चला," राजा म्हणाला. घटकाभरात राजा, राणी, राजकन्या, प्रजा, गुरं, कोंबड्या, सगळे रानात पसार झाले.

भिवरा नावाची म्हातारी कुंभारीण तेवढी हलली नाही. "माझी भट्टी पेटलीय," ती म्हणाली. "कच्ची मडकी टाकून कुठं जाऊ?"

शत्रूवर नजर ठेवायला प्रधानही मागे राहिला. भिवराच्या अंगणातल्या मोठ्या रिकाम्या रांजणात तो उतरला आणि वरून झाकण ओढून घेतलं.

दुपारी मंडळी आली. प्रधानाने झाकण बोटभर उचलून पाहिलं. पुढे दहा घोडेस्वार, मागे पाच बैलगाड्या, एकेकीत दहा माणसं. कुणाच्या हाती तलवार नाही. नारळ होते, साडीचोळी होती. त्याने मोजलं, साठ भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा साठच.

तेवढ्यात एका तहानलेल्या पाहुण्याने झाकण सारून रांजणात तांब्या घातला. तो पगडीवर आपटला.

"आजी, तुमच्या रांजणात माणूस आहे," पाहुणा म्हणाला.

"आमचे प्रधानजी आहेत ते," भिवरा म्हणाली. "पाणी शेजारच्यात आहे."

राजपुत्र पुढे आला. त्याला राग आवरत नव्हता. "सोयरीक नको असेल तर तसं कळवायचं होतं. गाव ओस टाकून आमचा अपमान कशाला? आम्ही परत जातो."

आता गप्प बसलं तर दोन राज्यांत वैर येईल, हे प्रधानाला कळलं. तो कसाबसा बाहेर आला आणि त्याने चिठ्ठी वाचून दाखवली, आपला हिशेबही सांगितला.

भिवरा म्हणाली, "प्रधानजी, माझ्याकडे दहा दहा मडक्यांच्या पाच उतरंडी आहेत आणि दहा मडकी सुटी. मी आधी उतरंडींचा गुणाकार करते, पन्नास. मग सुटी दहा मिळवते. तुम्ही सुट्या घोडेस्वारांनाही आधीच मिळवलंत आणि एकेकाचे दहा दहा केलेत."

"पण खरोखरच आधी मिळवायचं असतं तर?"

"तर पहारेकऱ्याने त्या दोन आकड्यांना कंसात घातलं असतं."

राजपुत्राला हसू आलं. प्रधान मात्र धावत डोंगरात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "महाराज, चूक माझी." ते शब्द उच्चारायला त्याला चढणीपेक्षा जास्त दम लागला.

संध्याकाळी सुपारी फुटली. जेवणं निवलेलीच झाली, पण कुणी तक्रार केली नाही. रानात पांगलेली गुरं गोळा करायचं काम राजाने प्रधानाकडे दिलं, त्यात त्याचे चार दिवस गेले. पुढे तो कुठलंही उत्तर सांगण्याआधी एकवार थांबू लागला.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा : पटकन दिलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही, आधी करायचं ते आधी केलं तरच ते बरोबर येतं.