आडवा तांब्या

कुरवडीचे इनामदार जयाजीराव रात्री अंथरुणाला पाठ टेकत, आणि लगेच घशाशी आंबट येऊन छातीत जळजळ सुरू होई. खापर फुटे आचाऱ्यावर. तिखट फार घातलं म्हणून त्यांनी तीन आचारी हाकलले होते. चौथी आली सगुणा. आठव्या दिवशी सकाळी तिलाही सदरेवर उभं केलं.

"तूही तिखटच ओततेस!" इनामदार गरजले.

सगुणाने ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला. "सरकार, हा आडवा ठेवा, पण सांडू देऊ नका."

"अक्कल आहे का? भरला तांब्या आडवा केला तर सांडणारच! त्यात ताकाचा काय दोष?"

"मी तरी दुसरं काय म्हणते? आपण तुडुंब जेवून पानावरून उठता, ते थेट पलंगावर आडवे होता. दिवेलागणीला जेवा, दोन घास कमी जेवा आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा द्या."

इनामदारांची मान खाली गेली. "म्हणजे त्या तिघांचा काहीच..."

"तिसरा माझा नवरा होता, सरकार."

त्या दिवशी पान दिवेलागणीलाच वाढलं गेलं, पलंगाखाली विटा लागल्या. रात्री घशाशी काही आलं नाही.

तरीही इनामदारांचा डोळा लागला नाही.