तांबडा ठिपका

“मग ठिपका का नाही, उस्ताद?”

धैर्यशीलने हातातला तापमापकाचा डबा टेबलावर जरा जोरातच ठेवला.

मिरजेत कासीम उस्तादांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. धैर्यशील तिथंच काम शिकत होता. दुकानाची एक रीत होती. काम पास झालं की उस्ताद नेलपॉलिशच्या बाटलीतून जुळवणीच्या स्क्रूवर तांबडा ठिपका लावत. मग त्या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही.

उस्ताद लेकीकडे गेले होते, तेव्हा हा डबा बिनठिपक्याचाच माझ्या अंडी उबवायच्या पेटीला लागला होता.

“बर्फात घातला, शून्य,” धैर्यशील सांगू लागला. “उकळत्या पाण्यात घातला, तिथंही बरोबर. आणि आकडा बघा, जागचा हलत नाही. आतलं अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट माझं स्वतःचं आहे. सांगलीपर्यंत कुणी असा बनवून दाखवावा.”

डब्याच्या वायरीला गव्हाच्या दाण्याएवढा सेन्सर होता. तो तापला की विजेला जास्त अडवतो, आणि तेवढासा फरक मोठा करून सर्किट आकडा दाखवतं. मला हे धैर्यशीलनेच समजावलं होतं, मोठ्या हौसेनं.

उस्ताद माझ्याकडे वळले. “तातोबा, पिल्लं किती निघाली?”

“दीडशे अंडी ठेवली होती. एकवीस दिवस डब्यावर साडेसदतीस. पिल्लू एक नाही.”

“अंडी वांझ होती,” धैर्यशील म्हणाला. “तातोबांचा कोंबडा म्हातारा झालाय. मालकासारखाच.”

मी हसलो. मग सांगितलं, “मी अंडी फोडून बघितली, बाबा. आत चोची होत्या.”

धैर्यशील डब्याची वायर सरळ करू लागला.

“घरी आणखी दीडशे जमवलीत, अजून पेटीत घातली नाहीत,” मी म्हणालो. “चार दिवस झाले. आठवड्यावर ती टिकायची नाहीत.”

उस्तादांनी डबा बंद केला. सेन्सर टेबलावर मोकळा ठेवला आणि शेजारी आपला जुना काचेचा थर्मामीटर.

“चहा सांग.”

चहा आला. आम्ही तो सावकाश प्यायलो…

कप खाली ठेवून उस्तादांनी डबा चालू केला. काचेवर एकोणतीस. डब्यावरही एकोणतीस.

“बघा!” धैर्यशील म्हणाला.

“बघतोय.”

एकोणतीस पूर्णांक सहा… तीस… साडेतीस… एकतीसवर आकडा थांबला. काचेवर अजून एकोणतीसच होते. कुणी कशाला हात लावला नव्हता.

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या दाण्याला हळूहळू वारा घालू लागले, तापातल्या लेकराला घालावा तसा.

आकडा उतरू लागला.

धैर्यशीलचे कान लाल झाले.

“करंट किती देतोस याला?” उस्तादांनी विचारलं.

“… दहा मिलिअँपिअर.”

“एवढा कशाला?”

“कमी दिला की आकडा थरथरायचा. लोकांना वाटलं असतं, कच्चं काम आहे.”

“म्हणून याला ओरडायला लावलंस. ओरडून ओरडून हा स्वतःच तापला. मग पेटीची ऊब सांगेल की स्वतःची?”

“पण पाण्यात बरोबर दाखवत होता, उस्ताद!”

“पाणी त्याचा ताप वाहून नेतं. तातोबा अंडी पाण्यात उबवणार होते काय रे?”

मला हसू आलं. धैर्यशीलला आलं नाही.

त्यानं डबा उघडला. आतली वायरींची मांडणी इतकी नेटकी होती की माझ्यासारख्या अडाण्यालाही बघत राहावंसं वाटलं. एक रेझिस्टर काढून त्यानं दुसरा लावला, करंट दहावरून एकवर आणला. मग अ‍ॅम्प्लिफायरचा स्क्रू फिरवून सेन्सरचा बारीक इशारा तिथं मोठा केला.

आकडा एकोणतीसच्या आसपास थरथरत राहिला. एकोणतीस… पुढे पाव… पुन्हा एकोणतीस. पण वर चढला नाही.

बराच वेळ तो आकड्याकडे बघत बसला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला, “तातोबा… अंडी वांझ नव्हती.”

“असू दे, बाबा.”

“डब्यावर साडेसदतीस होते, तेव्हा पेटीत साडेपस्तीसच असतील. पिल्लं गारठली.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोरगं आतून हललं होतं.

उस्तादांनी खणातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि टेबलावरून धैर्यशीलकडे सरकवली. तीस वर्षांत त्या बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी बघितला नव्हता.

धैर्यशीलनं ती उघडली नाही.

“नको, उस्ताद. अजून जुळवणी झालेली नाही. आज रात्रभर मोकळ्या पेटीत ठेवून बघतो, काचेच्या थर्मामीटरशेजारी. अंडी उद्या ठेवू.”

त्यानं बाटली परत सरकवली.

उस्तादांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली. त्यांची मान ताठ झाली होती.

“म्हणूनच बाटली तुझ्याकडे देतोय.”