धुतलेल्या कपच्या

ओलसर राज्यात प्रत्येकीचं घर तिच्या पाठीवर असे. उन्हाळा आला की दार लिंपून घ्यायचं आणि ओल परतेपर्यंत त्या घरात निजून राहायचं. जिचं कवच जाड, ती पुन्हा बाहेर येई. जिचं पातळ, तिच्याबद्दल पुढे कोणी फारसं बोलत नसे.

गोगलगाई दिवसा झोपतात. सावळी मात्र गेला महिनाभर भर दुपारी टक्क जागी होती. तिच्या पिल्लाच्या, गुंजीच्या, कवचातून ऊन आरपार जायचं आणि आत कूस बदलणारी गुंजी बाहेरून सावलीसारखी दिसायची. सावळीने सगळं करून पाहिलं होतं. चुन्याचा खडा चाटवला, निजायची जागा बदलली, आणि रोज पहाटे ते कवच पुसून लख्ख ठेवलं. हे शेवटचं तर फार मन लावून. आजारी असलं तरी पिल्लू निदान स्वच्छ असावं. आपण चांगली आई आहोत की नुसतीच दमलेली, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

शेवटी ती गुंजीला घेऊन वडाच्या मुळांमधल्या सावलीवाडीत आली. पातळ कवचाच्या पिल्लांना तिथे ठेवत आणि एक म्हातारी वैदीण त्यांना पाही.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला पांढरा कातळ होता. तिथे अभ्यासू गोगलगाई राहत. पिल्लांच्या कवचांच्या काठावरून गळलेल्या कपच्या त्यांच्याकडे जात. कपची आली की आधी दवाने धुवायची, मग उन्हात वाळवायची, मग तिच्यावरच्या रेघा मोजायच्या. कपच्यांबद्दल त्यांना खरोखरच खूप कळे. पिल्लू मात्र त्यांच्यातल्या बहुतेकींनी कधी पाहिलं नव्हतं. पिल्लू वळवळतं, रडतं, मोजणीत बसत नाही.

त्या वर्षी कातळाने नवी रीत घातली. सावलीवाडीत महिनाभर राहून आल्याशिवाय कुठल्याही अभ्यासू गोगलगाईला अभ्यासाला बसायला स्वतःचा दगड मिळणार नव्हता. काही जुन्या जाणत्यांनी शिंगं आत ओढून घेतली, पण रीत राहिली. आणि पहिली आली ती निरखी. तिचं कवच कातळासारखंच पांढरं होतं, डाग म्हणून नव्हता.

आणखी एक बघायला आली, असं सावळीच्या मनात आलं. तरी त्या पांढऱ्या कवचाचा तिला थोडा हेवा वाटला.

निरखीने गुंजीकडे न पाहता विचारलं, "रेघा किती? काठ कधी खचला?"

"ते तू कातळावर मोजलंयस की," वैदीण म्हणाली. "आता पोरीला काहीतरी विचार."

निरखी गुंजीकडे वळली. काय विचारायचं ते तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुला काय होतं गं?"

"आत ऊन येतं," गुंजी म्हणाली. "मग झोप नाही लागत."

निरखीने वर्षभर कपच्यांमधून ऊन जाताना पाहिलं होतं. पण कपचीला आतली बाजू असली, तरी आत कोणी नसतं. तिची शिंगं गुंजीच्या काठावरच्या खाचेवर थबकली.

"इथली कपची माझ्याकडे आहे," ती हळूच म्हणाली. "वर्षभर आहे."

"मग परत दे की."

वैदीण इतकी हसली की तिला मुळाचा आधार घ्यावा लागला.

त्या दिवसापासून निरखी दुपारी उन्हाच्या बाजूने गुंजीला टेकून जागी राहू लागली. जागीच राहायचं तर इकडेतिकडे बघणं आलं. पलीकडे बकुळी नावाच्या दुसऱ्या आईचं पिल्लू होतं. बकुळी त्याला कधी पुसत नसे आणि त्याच्या पाठीवर शेवाळ चढलं होतं. सावळी तिकडे बघायचंही टाळायची. तिसऱ्या दुपारी निरखीने त्या पिल्लाच्या काठाला शिंग लावून पाहिलं. तितकंच पातळ. पण ते गाढ झोपलं होतं. ऊन शेवाळापाशीच थांबत होतं.

"ताई, तुम्ही हिला रोज पुसता?"

सावळी अर्धी कवचात गेली. "म्हणजे मीच केलं."

"आम्हीही पुसतो," निरखी म्हणाली. "प्रत्येक कपची. कातळावर आली की पहिलं काम तेच."

दुसऱ्या पहाटे सावळीने गुंजीचं कवच तसंच राहू दिलं.

न पुसणं तिला फार जड गेलं. पहाटे करायला काही उरलं नाही, म्हणून ती बकुळीशी बोलू लागली. बकुळी तिला वाटलं होतं तितकी आळशी निघाली नाही. थोडीशी होती.

महिना सरत आला. एका दुपारी सावळीने सवयीने गुंजीकडे पाहिलं आणि आतली सावली दिसेना. ती लगबगीने पुढे सरकली. हिरवट झालेल्या काठाशी जाऊन कानोसा घेतला तेव्हा आतून संथ श्वास ऐकू आला. सावळी तिथेच झोपून गेली.

उन्हाळा निभेल का, हे वैदिणीने सांगितलं नाही. पण सगळ्यांबरोबर दार लिंपून घ्यायला हरकत नाही, एवढं म्हणाली.

निरखी निघाली तेव्हा तिने गुंजीची नुकतीच गळलेली एक कपची न धुता, ओल्या पानात गुंडाळून घेतली.

"हे शेवाळ नेमकं काय करतं, मला अजून कळलेलं नाही," ती सावळीला म्हणाली. "आता तेच बघते."

सावळी तिच्या पाठमोऱ्या कवचाकडे पाहत राहिली. गुंजीने दोन्ही शिंगं लांब केली.

"आई, तिला पण लागलंय."

खरंच होतं. ज्या बाजूने निरखी रोज गुंजीला टेकून बसे, तिथे तिच्या पांढऱ्या कवचावर पुसट हिरवा पट्टा उमटला होता. कातळावर सगळ्यांना दिसला असता. सावळीला वाटलं, हाक मारावी, थांबवावं, जाण्याआधी पटकन पुसून द्यावं. ती थोडी पुढे सरकलीही.

"आई," गुंजी म्हणाली, "तिला सांग ना, तिकडे गेल्यावर पुसू नको म्हणावं."