टॅबलेट, ई-रीडर आणि पंगतीतलं गाढव

“सांगा बुवा, पुस्तक वाचायला टॅबलेट बरा की ई-रीडर?”

निरंजनने दोन्ही यंत्रं बुवांच्या पुढ्यात मांडली.

“टॅबलेटवर चित्रं रंगीत दिसतात, पण डोळे शिणतात. ई-रीडर कागदासारखा शांत, उन्हातही अक्षर स्वच्छ. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस बघायला नको. पण रंग नाहीत, आणि पान उलटायला जरा रेंगाळतो...”

बुवा ऐकत होते.

मठातला जुना कथाग्रंथ वाळवीने खाल्ला, तेव्हापासून सकाळचं वाचन बंद पडलं होतं. तोच ग्रंथ निरंजनने दोन्ही यंत्रांत उतरवून आणला होता. म्हातारपणी आवाज बसला म्हणून बुवांनी वाचनाचं आसन निरंजनला दिलं होतं. आणि निरंजनचा हट्ट, की कोणतं यंत्र ते अगदी अचूक ठरल्याशिवाय पुन्हा त्या आसनावर बसायचं नाही.

“अरे, पण आमचं गाढव?” खांबाला टेकलेल्या चंद्राकाकू कळवळल्या. “कुंभाराचं गाढव राजाच्या पंगतीत शिरलं, तिथेच सोडलंस मेल्या! ते जेवलं की मार खाल्ला?”

“काकू, आधी हे ठरू दे.”

“तुझं ठरेपर्यंत आम्ही राहतो का बघ!”

सगळे हसले. बुवाही.

त्यांनी टॅबलेट उचलून निरंजनच्या हातात दिला. ई-रीडर स्वतःच्या मांडीवर घेतला.

“वाच.”

“पण बुवा, अजून ठरलं कुठे...”

“गाढव ताटकळलंय.”

निरंजन वाचू लागला. शेजारी बुवाही जिभेला बोट लावून त्याच्याबरोबर पानं उलटत होते.

गाढव थेट राजाच्या पाटावर जाऊन बसलं. वाढप्याने मान वर न करताच जिलबी वाढली. प्रधानाने लवून मुजरा केला. चंद्राकाकूंना हसता हसता ठसका लागला. निरंजनलाही आवरेना. टॅबलेट खाली ठेवून त्याने चष्मा काढला, डोळे पुसले.

बुवांनी ओळीवर बोट ठेवून यंत्र पुढे केलं.

“हं... इथून.”

निरंजन पुन्हा वाचत सुटला. खुद्द राजा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बुवांनी हात वर केला. आजचं वाचन संपलं.

“छान वाचलंस. कोणत्यावर वाचलंस?”

“टॅबले...”

निरंजनने खाली पाहिलं. हातात ई-रीडर होता.

“बुवा, हे बदललं केव्हा?”

“मला काय ठाऊक? मी गाढवाकडे बघत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन सगळ्यांच्या आधी येऊन आसनावर बसला. दोन्ही यंत्रं तो घरी विसरून आला होता. राजाचं पुढे काय झालं, ते त्याने तोंडीच सांगितलं.